ताबा कुणाकडे

काही माणसांचा राग नाकावर असतो, यांचा गळ्यात होता. साहेब नुसतं "पाणी द्या" म्हणाले तरी पाणी आणणाऱ्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. हवाई दलात सगळे त्यांना तोफ म्हणत. तोंडावर अर्थात "सर", पाठ वळली की तोफ. "तोफ येतेय" अशी कुजबुज झाली की हँगरमधली माणसं पोटं आत घ्यायची, झाडलेली फरशी पुन्हा झाडायची, आणि ज्याला जमेल तो विमानाखाली शिरून उगाच एखादा स्क्रू पिळत बसायचा. टवाळ पोरं म्हणायची, हा माणूस भरती व्हायला निघाला होता तोफखान्यात, चुकून शेजारच्या दारात शिरला.

या आवाजाला कारण होतं, आणि ते साधं होतं. वडील बॉयलरच्या कारखान्यात कामाला होते. बाहेरून दुसरा माणूस रिव्हेटवर हातोडा घालायचा आणि हे लोखंडी टाकीच्या आत बसून तो रिव्हेट दाबून धरायचे. अशी नोकरी केल्यावर कान शाबूत राहतील कसे? पस्तिशीच्या आतच दोन्ही कान गेले आणि कारखान्याने हात झटकले. तिथला डॉक्टर फार गोड माणूस होता. आवाजही न चढवता तो म्हणाला, "यांचे कान मुळातच अधू असावेत." झालं, विषय संपला. त्या दिवसापासून घरात सगळे मोठ्याने बोलू लागले. आई मोठ्याने, दोघी बहिणी मोठ्याने, आणि हे शेंडेफळ सगळ्यात मोठ्याने. शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात रोज दोन वेळा भांडण पेटतं. प्रत्यक्षात मीठ कमी पडलंय की जास्त, एवढाच विषय असायचा. कुणी पुटपुटलं की वडील ताटावरून मान वर करायचे. "मोठ्याने बोल. पुटपुटायचं ते चोरांनी." पोराच्या मनात दोन गोष्टी तेव्हाच पक्क्या बसल्या. खरं असेल ते मोठ्याने बोलायचं. आणि हळू आवाजात गोड बोलणारा माणूस दिसला की समजायचं, हा कुणाचा तरी केसाने गळा कापतोय.

विमान चालवायला शिकवणारा पहिला प्रशिक्षकही त्याला याच जातकुळीचा भेटला. पोरं त्याला म्हातारा म्हणत. वय असेल चाळीस, पण मिशा आधीच पिकलेल्या. शिकाऊ विमानात दोघे बसतात, एकामागे एक, आणि दोघांच्याही पुढ्यात विमान वळवायचा दांडा असतो. त्याला सगळे स्टिक म्हणतात. स्टिक दोन, विमान एक. म्हणजे या क्षणी विमान कोण चालवतंय, याबद्दल तिळभरही शंका राहून चालत नाही. म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी बजावलं, "देणारा म्हणेल, ताबा तुझा. घेणारा म्हणेल, ताबा माझा. मग देणारा पुन्हा म्हणेल, ताबा तुझा, आणि त्यानंतरच हात सोडेल. तीन वाक्यं. मान हलवायची नाही, हं म्हणायचं नाही. वर आकाशात मान कुणाला दिसत नाही."

एकदा पोराने घाईत नुसतं "हं" केलं. म्हाताऱ्याने तिथल्या तिथे विमान फिरवलं, खाली उतरवलं आणि त्याला धावपट्टीच्या कडेने भर उन्हात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. वाटेतल्या प्रत्येक दिव्यापाशी उभं राहायचं आणि "ताबा माझा!" म्हणून ओरडायचं. टॉवरवरची माणसं खिडकीत येऊन हसत होती. पोराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटच्या दिव्यापाशी म्हातारा जीपमध्ये बसून वाट पाहत होता.

"राग आला?" त्याने विचारलं.

"आला, सर."

"येऊ दे. मेल्यावर येत नाही."

ती तीन वाक्यं पोराने गाठीला बांधली, आणि पोराचा हळूहळू साहेब झाला. लढाऊ विमानं चालवली, स्क्वाड्रन चालवली, विमानतळ चालवले. एकदा पुढचं चाक अडकलं असताना त्याने विमान पोटावर घसरवत उतरवलं आणि वर चढून आलेल्या लोकांनी पाठ थोपटायच्या आत ओरडून विचारलं, "या चाकाला शेवटचं ग्रीस कुणी लावलं?" वरच्यांना तो आवडायचा नाही, पण त्याच्यावाचून अडायचंही. जिथे माणसं तेरी भी चुप मेरी भी चुप करून बसलेली असत तिथे याला पाठवायचं. हा जाऊन भांडी वाजवणार, आणि भांडी घासली जाणार. निदान असं सगळ्यांना वाटायचं, त्याला स्वतःला तर फारच. असं करत करत तो एअर मार्शल झाला, साऱ्या हवाई दलाच्या प्रशिक्षणाचा मुख्य झाला, आणि पुढचा दलप्रमुख हाच, असं शिपाईसुद्धा बोलू लागले.

न घाबरणारं माणूस जगात एकच होतं, त्यांची बायको. ती शाळेत गणित शिकवायची. दर बदलीला सामान बांधायचं, नव्या गावात नवी शाळा शोधायची आणि नव्या पोरांना तेच जुने अपूर्णांक शिकवायचे, हा तिचा संसार. साहेब संध्याकाळी तणतणत आले की ती वह्यांवरून मान वर न करता म्हणायची, "अहो, तोफ पायपुसण्यावर ठेवा आणि मग आत या." पण मुलीचं तसं नव्हतं. मुलीचा संसार मोडला तेव्हा आईला पहिल्या दिवशी कळलं, मावशांना आठवड्यात कळलं, बापाला सगळ्यात शेवटी. "मला का नाही सांगितलं?" असं ते ज्या आवाजात ओरडले, त्यातच खरं तर उत्तर होतं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

मग ते विमान पडलं.

शिकाऊ विमान होतं. सकाळची वेळ, हवेत धुकट. पुढे प्रशिक्षक बाई, वय जेमतेम तिशीचं. मागे शिकाऊ पायलट, डोक्यावर कापडी पडदा ओढलेला. बाहेरचं काही न बघता फक्त काट्यांवर विमान कसं चालवायचं याचा तो धडा असतो. विमान उतरणीला लागलं आणि शहाण्यासारखं, जराही न डगमगता, सरळ एका टेकडीकडे गेलं. अगदी शेवटी बाईने दोघांना बाहेर फेकणारी कळ ओढली. आधी मागची खुर्ची उडते, मग पुढची; दोन्ही एकदम उडाल्या तर एकमेकींना धडकतील म्हणून. मागचा वाचला. पुढचीला तेवढी उंची उरली नव्हती.

चौकशी समितीने अहवाल दिला. विमान ठणठणीत होतं. बाईने तोंडाने ताबा न देता नुसती स्टिक हलवली. शिकाऊ पायलटला वाटलं, बाईच चालवतायत. बाईला वाटलं, तो चालवतोय. टेकडीवर आदळेपर्यंत विमान कुणीच चालवत नव्हतं. निष्कर्ष: प्रशिक्षकाचा निष्काळजीपणा. खाली साहेबांची सही हवी होती.

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "तीन वाक्यं!" ते एकटेच खोलीत ओरडले. बाहेरच्या टायपिस्टने टायपिंग थांबवलं. "तीन वाक्यं बोलायला जीभ झिजत होती का हिची?" मेलेल्या माणसावर इतका राग येऊ शकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. उभ्या आयुष्यात जे घसा फोडून सांगितलं, तेच या पोरीने केलं नाही, आणि जिवाला मुकली. त्यांनी पेन उघडलं. तेवढ्यात सहायकाने आत येऊन सांगितलं की त्या प्रशिक्षक बाईंची आई आली आहे.

ही आई शाळेची बस चालवायची. ड्रायव्हरचा खाकी शर्ट तसाच अंगावर, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "भिंतीवर तिचं नाव येणार की नाही?"

वैमानिक घडवणाऱ्या त्या जुन्या शाळेत कवायतीच्या मैदानाच्या कडेला एक दगडी भिंत आहे. नोकरीत उडताना जे गेले त्यांची नावं तिच्यावर कोरतात. मात्र नियम असा, की जो स्वतःच्या निष्काळजीपणाने गेला त्याचं नाव कोरायचं नाही. मेलं ते मेलंच, वर नावही पुसलं.

"चौकशी चालू आहे," साहेब म्हणाले. मुद्दामच हळू म्हणाले. या बाईवर ओरडू नये एवढी अक्कल त्यांना होती.

"लोक म्हणतात तिने तुमचं ते ताब्याचं म्हटलं नाही. खोटंय." बाईचा आवाज थरथरला, पण रडवेला नव्हता, संतापलेला होता. "अहो, ती घरी मला भाजीची पिशवी द्यायची तरी म्हणायची, आई, घेतलीस? घेतली म्हण. मी घेतली म्हटल्याशिवाय सोडायची नाही. मी चिडायची. आणि ती विमानात विसरेल?"

ती गेली. साहेबांनी पेन बंद केलं. भाजीच्या पिशवीलाही जी तीन वाक्यं लावते, ती उगाच गप्प बसणार नाही. मग चूक त्या मागच्या पोराची असणार. आता राग तिकडे वळला, आणि तो घेऊन ते तडक लष्करी इस्पितळात गेले.

शिकाऊ पायलटच्या पाठीचा मणका दुखावला होता. तो पाठीवर सपाट पडलेला, गळ्याला पट्टा. साहेबांना बघून त्याने पडल्या पडल्या ताठ व्हायचा प्रयत्न केला आणि कळवळला.

"हलू नकोस. नुसतं बोल. बाईने ताबा देताना तोंडाने का सांगितलं नाही?"

"सांगून ऐकू येत नाही, सर. इंटरकॉम खराब आहेत. तेलात मोहरी टाकल्यासारखं नुसतं तडतडतं."

"त्या विमानातला?"

"सगळ्याच विमानांतले, सर. म्हणून आम्ही स्टिक हलवतो."

साहेब खुर्चीत बसले. पोरगा छताकडे बघत सांगत गेला. त्यांच्या तळावर स्टिक हलवली की अर्थ होतो, ताबा माझ्याकडे आहे, तू हात लावू नकोस. बाई आठवड्यापूर्वीच दुसऱ्या तळावरून बदलून आल्या होत्या. तिथे अर्थ उलटा: ताबा तुझ्याकडे, घे. हे कुणी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगणार कसं? स्टिक हलवायला बंदीच आहे. जी गोष्ट नाहीच असं सगळे म्हणतात, तिचे नियम नव्या माणसाला कोण शिकवणार? बाईने विमान उतरणीला लावलं, स्टिक हलवली, हात सोडले. पडद्याखालच्या पोराने हात आधीच मांडीवर ठेवले होते.

"काटे दिसत होते ना तुला?"

"दिसत होते, सर. किती सुरेख उतरण होती. मला वाटलं, बाई दाखवतायत. मी शिकत होतो. मधे त्या काहीतरी बोलल्या. तडतडीतून एकच शब्द कळला."

"कुठला?"

"छान."

कुणीच चालवत नसलेल्या विमानाबद्दल ती पोरगी आपल्या विद्यार्थ्याचं कौतुक करत होती.

मग तोफ उडाली. "इतके दिवस हे चाललंय, आणि मला एकाही माणसाने सांगितलं नाही?" दारातून नर्सने डोकावून बघितलं आणि डोकं मागे घेतलं. "सगळे मूग गिळून बसलात! का नाही सांगितलं? बोल! मोठ्याने बोल!"

पोरगा पांढराफटक पडला. पण पाठ मोडलेल्या माणसाला आणखी काय भीती घालणार? तो म्हणाला, "सर, तुम्हाला कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची? बाई सांगत होत्या, त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. त्यांच्या जुन्या तळावर तुम्ही तपासणीला आला होतात तेव्हा. रांगेतून पुढे आल्या होत्या. तुम्ही 'काय?' म्हणालात. त्या म्हणाल्या, तेवढ्या एका 'काय'ने माझं वाक्य परत पोटात गेलं."

साहेबांना तो दिवस आठवला. फायर ब्रिगेडच्या गाडीवर धूळ सापडली म्हणून त्यांनी तळप्रमुखाला सगळ्यांदेखत सोलून काढला होता. नंतर रांगेपुढे उभं राहून गरजले होते, "कुणाची काही तक्रार?" एक मुलगी, हेल्मेट कमरेशी धरलेलं, अर्धं पाऊल पुढे आली होती. "काय?" "काही नाही, सर." ते अर्धं पाऊल मागे गेलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं होतं, काय वचक आहे बघ, एक माणूस तक्रार करत नाही.

इस्पितळातून ते निघाले तेव्हा कुणावर ओरडावं ते कळेना. दुसऱ्या दिवशी एक जागा सापडली. दलप्रमुखांची खोली.

प्रमुख म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. आवाज कधी चढायचा नाही, टेबलावर कागद कधी वाकडा दिसायचा नाही. साहेबांचं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इंटरकॉम जुने आहेत, खरंय," ते म्हणाले. "बदलायचं आपण पुढच्या वर्षावर ढकललं. त्या बैठकीला तुम्हीही होतात."

"मी टेबलावर मूठ आपटून विरोध केला होता!"

"हो. आणि मग निघून गेलात." प्रमुख हसले, अगदी प्रेमाने. "तुम्ही गेल्यावर आम्ही शांतपणे ठरवलं. इंटरकॉम बदलले असं तुम्ही धरून चाललात, नंतर परत कधी विचारलं नाहीत. हे बघा, यंत्राचा दोष म्हटलं की सगळी शिकाऊ विमानं जमिनीवर बसतील, आपण सगळेच उघडे पडू. तुम्ही चार महिन्यांनी या खुर्चीत बसणार. तेव्हा हवे ते इंटरकॉम घ्या. तिला आता काय फरक पडतो? आणि तिची नोंद पाहिली तर ती मुळातच जरा उतावळी होती."

मुळातच. साहेबांच्या कानात तो शब्द लोखंडी टाकीत ठोकल्यासारखा वाजला. यांचे कान मुळातच अधू असावेत. तोच मऊ आवाज, तेच हसू. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि तीही दोरीला लोणी लावून. त्यांना टेबल उलटं करावंसं वाटलं. हातही गेला कडेला. आणि तो हात तिथेच थांबला, कारण टेबल त्यांनी याआधी आपटलं होतं, याच खोलीत, आणि त्याने एक तारसुद्धा बदलली नव्हती. "परवाच्या बैठकीत बोलू," म्हणून ते बाहेर पडले.

घरी बायको वह्या तपासत होती. साहेबांनी सगळं सांगितलं. प्रमुखांना, समितीला, तळप्रमुखांना, त्या तळावरच्या बाकी प्रशिक्षकांना, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. ती लाल पेन हातात धरून ऐकत राहिली.

"आणि तुम्ही?" शेवटी तिने विचारलं.

"मी काय? मी एकटा ओरडत होतो! बाकी सगळे गप्प!"

"अहो, गरजेल तो पडेल काय?" आज तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, चीड होती. "तुम्ही ओरडता आणि तुम्हाला वाटतं काम झालं. तुम्ही त्या बैठकीत ओरडून बाहेर आलात, तेव्हा कुणी म्हणालं होतं का, ताबा माझा? ऐकलंत का तुम्ही ते वाक्य? मग सोडलंत कसं? आम्हाला आयुष्यभर शिकवता ना तीन वाक्यं?"

साहेब उसळून काहीतरी बोलायला गेले.

"ओरडू नका. माझी पोर दोन महिने माझ्या कुशीत रडली, पण बाबांना सांगू नकोस म्हणाली. तेव्हा मी गप्प बसले, ती माझी चूक. पण ही दुसऱ्याची पोर मेलीय." तिने पुढची वही ओढली. "जेवण ओट्यावर आहे. घ्या वाढून."

साहेब किती तरी वेळ स्वयंपाकघरात नुसते उभे होते. राग होताच, कमी झाला नव्हता. फक्त इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला योग्य पत्ता सापडला होता.

बैठकीला सगळे बडे अधिकारी होते. प्रमुखांनी मऊ आवाजात निष्कर्ष वाचला आणि अहवाल साहेबांकडे सरकवला. लघुलेखक पेन्सिल टेकवून बसला. तोफ उडणार म्हणून दोघांनी पाण्याचे पेले आधीच जवळ ओढून घेतले होते.

"हे मी मान्य करत नाही," साहेब म्हणाले. आवाज इतका साधा होता की टोकाला बसलेल्यांना पुढे वाकावं लागलं. "बोलायचं यंत्र आपण तिला चालू स्थितीत दिलं नाही. ती मला सांगायला आली, तर मी तिला गप्प केलं. तिचा निष्काळजीपणा नाही. शिकाऊ विमानांचा ताबा माझ्याकडे होता. माझ्या नावानिशी लिहून घ्या."

"भावनेच्या भरात—" प्रमुख म्हणाले.

"लिहिलंत?" साहेबांनी लघुलेखकाला विचारलं. "वाचून दाखवा."

लघुलेखकाने प्रमुखांकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि वाचून दाखवलं. "शिकाऊ विमानांचा ताबा माझ्याकडे होता." नाव आणि हुद्द्यासकट. "बरोबर," साहेब म्हणाले. "आता नवे इंटरकॉम बसेपर्यंत एकही शिकाऊ विमान उडणार नाही. तो हुकूम आज, माझ्या सहीने. उद्या कुणाची सही चालेल ते तुम्ही बघा."

दलप्रमुखाच्या खुर्चीत पुढे दुसराच गृहस्थ बसला, गोडबोल्या, अर्थात. साहेबांना मुदतीआधी घरी पाठवलं. शेवटचं उड्डाण करायची रीत असते, उतरल्यावर सहकारी अंगावर बादलीभर पाणी ओततात. त्यांच्या वाट्याला ते आलं नाही. निरोपाच्या भाषणांत त्यांच्या शिस्तीचं कौतुक करून सगळ्यांनी तोंडाला पानं पुसली. इंटरकॉम मात्र बदलले गेले. विमानं जमिनीवर बसली की पैसे कुठून तरी निघतातच. आधी निघत नाहीत, हेच तर डोकं उठवणारं.

आणि भिंतीवर नाव कोरलं गेलं. त्या दिवशी मैदानावर शिकाऊ मुलामुलींच्या रांगा होत्या, कुबड्या घेतलेला तो पोरगाही पुढे होता. साहेब साध्या कपड्यांत एका बाजूला उभे. बायको शेजारी. कार्यक्रम संपल्यावर ती आई भिंतीशी एकटी राहिली, ताज्या अक्षरांवरची दगडाची भुकटी बोटाने काढत. बायकोने साहेबांच्या पाठीला हलकेच हात लावला. ते पुढे गेले.

सगळं पाठ करून आले होते. पण तोफेच्या घशातून आवाज फुटेना. "तुमच्या मुलीची... म्हणजे मला..." एवढंच पुटपुटले.

बाईने वळून बघितलं. डोळे कोरडे होते.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "माझ्या पोरीला तुमच्याशी बोलायची भीती वाटली. तुम्हाला माझी कसली वाटतेय? बोला मोठ्याने. ही सगळी पोरं ऐकू देत."

मैदानावर पांगणारी मुलं थांबली. साहेबांनी मान वर केली.

"तुमच्या मुलीची चूक नव्हती!" आवाज भिंतीवर आपटून मैदानभर गेला. "ती मला सांगायला आली होती. मी ऐकलं नाही. चूक माझी होती!"

सवयीने ते थांबले, समोरून ते वाक्य परत येण्याची वाट बघत. बाईने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळून उरलेली भुकटी पुसू लागली. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.